कोयनेचे पाणी आणि आपला वाटा



कोयनानगरच्या धरणामागे भरल्या वर्षी सुमारे १०५ टीएमसी पाणी साठते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी कोयना दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते आणि पुढे कराडला कृष्णेस मिळते. त्या वळणापाशी तिला अडविण्याचे काम १९५०च्या दशकात सुरू झाले आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरू लागले. आज या प्रकल्पाची वीज निर्माण करण्याची शक्ती सुमारे १,९६० मेगावॅट आहे. मुंबईचे कारखाने या विजेवर चालले, शहरे उजळली, आणि कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणण्याची प्रथा पडली.

आम्हांस हा शब्द रुचत नाही. ज्यांचा भाग्यावर विश्वास असेल त्यांनी तो खुशाल वापरावा. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेऊन दैव आणि देव दोन्ही उंबरठ्याबाहेर ठेवले, त्यांनी भाग्याऐवजी हिशेब विचारावा. या पाण्यासाठी कोणी काय दिले? त्यातून कोणी काय घेतले? आणि आपल्या मागून येणाऱ्या मुलांसाठी त्यात काय शिल्लक राहणार आहे? हा हिशेब सरकारचा आहे तसाच तो आपल्या घरचाही आहे. ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे त्या कुटुंबांशी आज आम्ही मुद्दाम याच विषयावर बोलत आहोत. धम्म म्हणजे केवळ वंदना आणि विवाहविधी नव्हे, हे जितक्या लवकर उमगेल तितके बरे.

प्रथम, दिले कोणी? शिवसागराच्या तळाशी गावे आहेत. त्या गावांतील माणसांना उठावे लागले तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्रात तसा कायदा प्रथम १९७६ साली झाला. त्यापूर्वी जो काय व्यवहार होई तो इंग्रजांच्या १८९४च्या भूसंपादन कायद्याने, आणि तो कायदा माणसाकडे पाहत नसे, जमिनीच्या कागदाकडे पाही. ज्याच्या नावे जमीन त्याला मोबदला. जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, ज्याचे पोट गावकीच्या कामावर होते, त्याचे गाव बुडाले, काम बुडाले, पण कागदावर त्याचे काहीच बुडाले नाही! महार वतन तर १९५९ पर्यंत कायद्याने जिवंत होते. ते मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते, हे आपणांस ठाऊक आहे. तीन दशके ते विधेयक मान्य झाले असते तर किती घरांच्या हाती स्वतःची अशी जमीन आली असती, याचा विचार वाचकांनीच करावा. धरण, रस्ता, कारखाना, काहीही येवो, ज्याच्याजवळ कागद नाही तो मोजलाच जात नाही. ही गोष्ट कोयनेपुरती नाही, आणि ती संपलेलीही नाही. २०१८ साली कोयनेचे धरणग्रस्त आपल्या मागण्यांसाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. धरणाच्या भिंतीला अर्धशतक उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, मग धरणेच नकोत. तसे आमचे म्हणणे नाही, आणि बाबासाहेबांचेही नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना आणि महानदीवरील योजना यांची पायाभरणी त्या काळात झाली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे त्यांनी ओरिसाच्या नद्यांविषयी जे भाषण केले त्याचा रोख असा होता की, पाणी फार झाले म्हणून हाय खाण्याचे कारण नाही, पाणी कमी पडल्याने माणसांचे जास्त हाल होतात, म्हणून ते साठवून शेती, वीज आणि नौकानयन या सर्वांसाठी वापरले पाहिजे. पाणी ही सर्व जनतेची संपत्ती आहे आणि ती योजनापूर्वक वापरली पाहिजे, ही त्यांची दृष्टी. जो पुरुष १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या काठावर माणसाच्या बरोबरीसाठी उभा राहिला, तोच पुढे देशाच्या नद्यांचा विचार करण्यास बसला, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. पाण्यावर सर्वांचा हक्क मानला की पाणी राखण्याची जबाबदारीही सर्वांचीच होते.

आता एक अडचणीचा प्रश्न. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असतो, पण सभेत कोणी विचारीत नाही. आम्हांला या पाण्यातून, या विजेतून, या जंगलातून मिळाले काय? ज्यांनी भरपूर घेतले त्यांनी राखावे. ज्याच्या वस्तीत नळ तीन दिवसांनी येतो त्याला पाणी जपण्याचा उपदेश कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गुळमुळीत देता कामा नये. ज्याने जास्त घेतले त्याची जबाबदारी जास्त, हे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. आपल्या वाट्यापलीकडचे पाणी रात्री मोटार लावून ओढणारा बागायतदार ते शील मोडतो, मग त्याच्या नावे सातबारा असो वा नसो. मोठ्या धनवंताने एका उन्हाळ्यात पोहण्याच्या तलावात घातलेले पाणी आणि आपल्या वस्तीतील बाईने हंड्याने आणलेले पाणी एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. जगाच्या व्यवहारातही हेच आहे. हवामान बिघडविले कोणी आणि पुरात वाहून जातो कोण, हे २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीकरांनी पाहिले आणि जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथील लोकांनी डोंगर अंगावर घेऊन पाहिले. त्याच जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि खाली चिपळूण बुडाले. वाढत्या उष्णतेमुळे असे कमी वेळात कोसळणारे पाऊस वाढत आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्या उष्णतेत आंबेघरच्या शेतकऱ्याचा वाटा तो किती?

परंतु हे सर्व मान्य करूनही आपली सुटका होत नाही. आपण ज्या धम्माचा स्वीकार केला त्यात कर्म या शब्दाचा अर्थ बदलला आहे. जुन्या धर्मात कर्म म्हणजे मागल्या जन्मीचे गाठोडे. त्या गाठोड्याच्या नावाने आपल्या वाडवडिलांना वेशीबाहेर बसविले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी कर्मनियम हा समाजाच्या नैतिक व्यवस्थेचा नियम म्हणून मांडला आहे. माणसे येतात आणि जातात, ती व्यवस्था चांगली किंवा वाईट होते ती त्यांनी केलेल्या कृतीने, आणि परिणाम भोगावा लागतो तो पुष्कळदा मागून येणाऱ्यांना. म्हणजे आपण ओढा आज आटविला तर त्याचे फळ आपल्याला पुढल्या जन्मी मिळणार नाही, आपल्या नातवाला याच जन्मी मिळेल. एवढी साधी गोष्ट आहे. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने पुढील पिढ्यांच्या गरजांस बाध न आणता आजच्या गरजा भागविण्याचा जो विचार जगापुढे ठेवला, तो बौद्ध घरात परका वाटण्याचे कारण नाही.

कर्माचा हा अर्थ ज्याला पटला त्याने भूकंपाकडे कसे पाहावे? ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरले. ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि बहुसंख्य घरे कोसळली. धरणाच्या भिंतीलाही तडे गेले, पुढे ती बळकट करण्यात आली. असे काही झाले म्हणजे कोपलेल्या देवीला नवस बोलणारे भेटतातच. शास्त्रज्ञांनी मात्र निराळा शोध घेतला. जलाशयात पाणी भरू लागल्यापासून या भागात धक्के वाढले. पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांतून खोल झिरपणारे पाणी यांमुळे आधीच ताणात असलेला खडक सरकतो, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचे कोयना हे जगातील ठळक उदाहरण मानले जाते. आजही तेथे लहानमोठे धक्के बसतात. कराडला या अभ्यासासाठी प्रयोगशाळा असून गोठणे येथे जमिनीत ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले आहे. देवीचा कोप म्हणून हात जोडणाऱ्याला पुढे करण्यासारखे काही उरत नाही. कारण समजलेल्याला पुष्कळ करता येते. माणसे मारली ती मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींनी. म्हणून आज आपल्यापैकी कोणाला रमाई आवास योजनेतून घरकुल मिळत असेल, तर जोत्याच्या पातळीवर आणि दारे-खिडक्यांच्या डोक्यावर काँक्रीटचा सळ्या घातलेला सलग पट्टा चारही भिंतींवरून फिरला आहे की नाही, हे गवंड्याच्या शेजारी उभे राहून पाहावे. तो पट्टा वाचवून रंगाला पैसे घालू नयेत. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीने हाच धडा पुन्हा दिला होता.

पाण्याची वाटणी हा तर आपल्या धम्माच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, ही कथा बाबासाहेबांना पटली नाही. त्यांनी पुढे ठेवले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेले भांडण. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने सुचविले की दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी निवाडा करावा. सूचना बहुमताने फेटाळली गेली, आणि युद्धात भाग घेण्यापेक्षा त्याने देशत्याग पत्करला.

रोहिणीच्या जागी कृष्णा-कोयना घाला. कृष्णा पाणीतंटा लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, कोयनेतून पश्चिमेकडे विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळविण्याची मर्यादा घालून दिली. पश्चिमेला गेलेले पाणी वीज देऊन वाशिष्ठीत जाते आणि अखेर समुद्राला मिळते. पूर्वेकडे सोडलेले पाणी सातारा-सांगलीच्या शेतांना आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांमधून आटपाडी, जतसारख्या दुष्काळी तालुक्यांना हवे असते. पाऊस चांगला झाला की कोणी बोलत नाही. २०२३ साली पाऊस उणा पडला, तेव्हा कोयनेतून सांगलीकडे पाणी किती आणि केव्हा सोडावे यावरून दोन जिल्ह्यांत कुरबूर झाली. पुढाऱ्यांनी आपापल्या जिल्ह्याची बाजू घेतली. या भांडणात एक प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या कानी आले नाही: सांगलीला पोहोचलेले पाणी सांगलीत कोणाच्या शिवारात जाते? जिल्ह्याचा वाटा ठरला म्हणजे भूमिहीनाचा वाटा ठरला असे होत नाही. ज्याला शेतच नाही त्याच्या नावे पाट काढणार तरी कोठे?

याचे उत्तर सांगली जिल्ह्यातच एकदा दिले गेले आहे. खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदूळवाडी या गावांच्या लोकांनी १९८०च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधण्यास घेतले. नदीतील वाळू ठेकेदार नेत होता. लोकांनी ठरविले की वाळू आपली, तिचा काही भाग आपण विकू आणि त्यातून बांध घालू. सरकारदरबारी आधी विरोध झाला, पण ते मागे हटले नाहीत. धरण लहान, पण त्यामागील तत्त्व मोठे होते. पाण्याचा वाटा जमिनीवर अवलंबून न ठेवता माणसांवर ठेवला, म्हणून भूमिहीनालाही वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही, कारण एकाच्या उसात दहा घरांचे पाणी जाते. हक्क आणि संयम हे दोन्ही एका ठरावात! पाण्याची मर्यादा मान्य केल्यावाचून सर्वांचा वाटा निघत नाही, आणि सर्वांचा वाटा काढल्यावाचून कोणी मर्यादा मान्य करीत नाही. पर्यावरणावर व्याख्याने देणाऱ्या आमच्या शहरी मित्रांना या वाक्याचा उत्तरार्ध अद्याप नीट ऐकू आलेला नाही. आपल्या चळवळीतील काही मित्रांना पूर्वार्ध ऐकू येत नाही.

कारण आपल्याकडूनही काही घडते, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पाटण, जावळीच्या डोंगरांवर उन्हाळा आला की वणवे लागतात. गवत जाळले म्हणजे पुढल्या वर्षी जोमाने येते, या समजुतीने ते लावले जातात, शिकारीसाठी लावले जातात, कधी केवळ बिडीच्या थोटकाने लागतात. लावणारा नेहमी दुसऱ्या आळीचा असतो, असे प्रत्येक आळीत सांगतात. उघडा पडलेला उतार पहिल्या वळवात माती सोडतो, ती माती ओढ्यात आणि तेथून शिवसागरात जाते. गवत गेले, झरा आटला की हंडा घेऊन लांब चालावे लागते ते आपल्या लेकीसुनांनाच. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात विनाकारण वने जाळू नयेत अशी आज्ञा कोरून ठेवली. ज्याचे चक्र आपण ध्वजावर मिरवितो त्याची ही आज्ञा आपल्या वाडीत तरी चालावी, ही अपेक्षा जास्त आहे काय? भाताच्या रोपांसाठी राब भाजणाऱ्या गरीब शेतकऱ्याला आम्ही या माळेत ओवीत नाही. त्याचे भाजणे खाचरापुरते असते. डोंगर जाळणे ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरे आमच्या उत्सवांविषयी. धम्म स्वीकारला तेव्हा जत्रा, बकरी आणि देवऋषी यांचा खर्च सुटला. पुष्कळ घरांत त्या पैशाने मुले शिकली. अलीकडे मात्र जत्रेच्या जागी मांडव, दिव्यांच्या कमानी आणि भिंती हादरविणारे ध्वनिक्षेपक येऊन बसले आहेत. ज्या विजेसाठी गावे बुडाली ती एका रात्रीत अशी उधळावी, आणि सकाळी जयंतीच्या मैदानावर प्लॅस्टिकचे पेले आणि थर्माकोलच्या ताटल्या वाऱ्यावर उडत राहाव्यात, हे बाबासाहेबांच्या नावाला शोभत नाही. विनयपिटकात आनंदाची एक गोष्ट आहे. उदेन राजाच्या राण्यांनी त्याला पाचशे चीवरे दान दिली. राजाने विचारले, इतक्यांचे करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना देऊ. जीर्ण चीवरांचे? आच्छादने. जुन्या आच्छादनांचे? आंथरुणांच्या खोळी. मग जमिनीवर पसरण्याची वस्त्रे, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी, आणि अखेरीस तीही कुटून, मातीत कालवून भिंती लिंपण्यास. राजाला खात्री पटली की दान वाया जात नाही. आपल्या आज्यांना ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती, पण लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे पोतेरे त्या करीतच होत्या. त्यांच्या दारिद्र्याचा गौरव आम्हांस करावयाचा नाही. दारिद्र्य जावे, पण त्याच्याबरोबर हे शहाणपणही का जावे?

एकट्या घराने जपून मात्र सर्व साधत नाही. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात आपल्या पूर्वसूरींनी लेणी कोरली, त्यांच्या जवळ पावसाचे पाणी साठविण्याची टाकी कोरली. महाराष्ट्रातील लेण्यांच्या शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हणतात, आणि विहाराप्रमाणेच पोढीचेही दान दिल्याचे लेख कान्हेरी, नाशिक येथे आहेत. म्हणजे पाण्याची सोय करणे हे धम्मदान होते. मध्य भारतातील भरहुतच्या स्तूपावर ‘करहाकट’ नगराच्या निगमाने दिलेल्या दानाची नोंद आहे. अभ्यासक करहाकट म्हणजेच कराड मानतात. ते दान एका सावकाराच्या नावे नाही, साऱ्या नगराच्या नावे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या कोयनाकाठच्या लोकांना एकत्र येऊन काही करता येत होते, मग आज एका वाडीला का येऊ नये?

म्हणून आमची सूचना अशी. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की अर्धा तास पाण्याच्या हिशेबासाठी काढावा. वस्तीत नळ किती, विहिरी किती, कोणता झरा मागील दहा वर्षांत आटला, उन्हाळ्यात पाणी कोठून आणावे लागते, हे एका वहीत लिहावे. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीला द्यावे, आणि सांगण्याचे काम पाणी भरणाऱ्या बायांना, कारण पुरुषांना हे आकडे बहुधा ठाऊक नसतात. वणव्याच्या दिवसांत कोणी कोणत्या उतारावर लक्ष ठेवावे हे त्याच बैठकीत ठरवावे. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आपल्या वस्तीची बाई आहे काय, आणि असल्यास ती बैठकीला जाते की तिचा नवरा सही करून येतो, हेही पाहावे.

१ मे आणि १५ ऑगस्टला ग्रामसभा भरते. त्या सभेत ही वही घेऊन जावे आणि नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. ज्या कुटुंबांचे वाडवडील कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतून उठले, आणि जमीन नावावर नसल्यामुळे ज्यांची धरणग्रस्त म्हणून कधी गणनाच झाली नाही, त्यांनी मूळ गावाचे नाव, कुटुंबप्रमुखाचे नाव आणि हाती असेल तो कागद, मग तो शाळेचा जुना दाखला का असेना, जुळवून ठेवावा आणि २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या गावाच्या संकलन यादीची नक्कल जिल्हा पुनर्वसन कार्यालयाकडे मागावी. अर्जावर पोच घेण्यास विसरू नये, आणि त्या अर्जाची एक प्रत आमच्याकडे पाठवावी.